'लॉस्ट बॉइज'च्या पुस्तकांमागचा सुदान : थोडी पार्श्वभूमी

लिंडा स्यू पार्क यांचं 'अ लाँग वॉक टू वॉटर' हे २०१० सालचं छोटंसं पुस्तक अमेरिकेत बऱ्याच शाळांमध्ये सहावी-सातवीच्या पोरांना लावलेलं असतं, आणि त्याच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा जिद्द, हार मानू नका, एकेक पाऊल टाकत राहा एवढंच असतं. जिद्द आहेच, ती कोण नाकारतंय. पण १९८५ साली त्या पुस्तकाचा नायक, अकरा वर्षांचा सल्वा दुत (हा खराखुरा माणूस), दक्षिण सुदानातल्या वर्गात बसलाय, बाहेर गोळीबार सुरू होतो, मास्तर सांगतात की घराकडे जाऊ नका, रानात पळा, आणि तो पळतो तो अनेक वर्षं घरी पोचतच नाही, हे वाचताना साधे प्रश्न पडायला हवेत ना? घराकडे का नाही? गोळ्या कोण झाडत होतं? हजारोंनी पोरं एकटी कशी (यांनाच पुढे 'लॉस्ट बॉइज' म्हणजे हरवलेली पोरं म्हटलं गेलं), आणि पोरी कुठे गेल्या? पुस्तकात याची उत्तरं दोन-चार ओळींत उरकलीयेत, लहान मुलांचं पुस्तक आहे त्यामुळे तेही बरोबरच, पण ती पळापळ कुठून आली ते माहीत असलं की हीच पुस्तकं वेगळी वाचता येतात, म्हणून हा खटाटोप.

तर सुदान. १८९९ पासून तिथे इंग्रज आणि इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता, म्हणजे कागदावर दोघांचा आणि कारभार सगळा इंग्रजांचा. उत्तरेत अरबी बोलणारे मुस्लिम, दक्षिणेत डिंका, नुएर, शिल्लुक वगैरे गुरं पाळणारे, शेती करणारे समाज. इंग्रजांनी दक्षिण मुद्दाम बंद करून ठेवली, उत्तरेच्या व्यापाऱ्याला परवान्याशिवाय तिकडे जाता यायचं नाही, शाळा जवळजवळ सगळ्या मिशनऱ्यांच्या हातात, आणि इतकी वर्षं वेगळं ठेवल्यावर १९४७ च्या सुमाराला ठरवून टाकलं की आता दोघांचा देश एकच. १ जानेवारी १९५६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मोक्याच्या नोकऱ्या उत्तरेकडच्यांना गेल्या, आणि त्याच्या आधीच, ऑगस्ट १९५५ मध्ये, तोरित इथल्या दक्षिणेकडच्या सैनिकांनी बंड केलेलं होतं. म्हणजे देश जन्मायच्या आधीच यादवी. ती १९७२ च्या, दक्षिणेला स्वायत्तता देणाऱ्या अदिस अबाबा करारापर्यंत चालली.

मग दहा-अकरा वर्षं बरी गेली, पण त्यातच १९७८ मध्ये बेंतिऊच्या आसपास शेवरॉन कंपनीला तेल सापडलं. तेल दक्षिणेत, सरकार उत्तरेत, राजधानी खार्तुममध्ये, पुढे काय होणार ते सांगायला नको. राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी १९८३ मध्ये करार मोडून दक्षिणेचे तीन तुकडे केले आणि सप्टेंबरमध्ये सगळ्या देशावर शरिया लादला. त्याआधी मे महिन्यात दक्षिणेतल्या बोर इथल्या लष्करी तुकडीने बंड केलं, जॉन गरांग नावाचा अमेरिकेत शिकून डॉक्टरेट घेतलेला लष्करी अधिकारी त्यांचा पुढारी झाला आणि एसपीएलए ही बंडखोर सेना उभी राहिली. तिला शेजारच्या इथिओपियाने, म्हणजे मेंगिस्तूच्या राजवटीने, आसरा आणि शस्त्रं दिली, कारण खार्तुम इथिओपियातल्या बंडखोरांना मदत करत होतं. पोरं पूर्वेकडेच का चालत गेली याचं उत्तर इथे आहे बघा. दक्षिणेच्या माणसाला निवारा मिळेल अशी बातमी त्याच दिशेने येत होती.

आता गावांवर हल्ले कोणी केले. सरकारी फौज होतीच, पण दक्षिणेतल्या बाहर अल गझल भागात जास्त दहशत मुराहलीनची, म्हणजे सरकारने बंदुका दिलेल्या अरब गुराख्यांच्या घोडेस्वार टोळ्यांची. गाव वेढायचं, झोपड्या पेटवायच्या, पुरुष मारायचे, गुरं हाकून न्यायची, बायका-पोरं पळवायची. सरकारला फुकटात सैन्य मिळालं आणि टोळ्यांना लूट.

आणि इथे डिंका लोकांच्या जगण्यातली एक गोष्ट माहीत हवी, नाहीतर पुढचं काहीच समजत नाही. डिंका समाजात सगळं गुरांभोवती फिरतं. लग्नात मुलीकडच्यांना गुरं द्यावी लागतात, माणसाची पत गोठ्यावरून ठरते, मुलग्याला आवडत्या बैलाच्या रंगावरून नाव मिळतं. कोरड्या दिवसांत गुरं नदीकाठच्या कुरणात नेतात आणि तिथेच तळ पडतो, थोरली मुलं गाईबैल सांभाळतात, धाकटी शेळ्या आणि वासरं. रात्री शेण जाळून धूर करायचा, डास चावू नयेत म्हणून त्याची राख अंगाला फासायची आणि गुरांच्या मधोमध झोपायचं. त्यामुळे गावावर धाड पडली तेव्हा सहा-सात वर्षांची पोरंसुद्धा अनेकदा गावाबाहेर होती, मुली आणि लहानगे घरात आईजवळ. धूर दिसला, पोरं रानात पळाली. ती वाचली यात नशिबाचा भाग होता आणि रोजच्या कामाचा सुद्धा. रान ओळखीचं, उपाशी राहायची थोडी सवय, आणि मोठ्याने धाकट्याला सांभाळायचं हे गुरांच्या तळावर आधीच शिकलेलं. पुस्तकांत ज्याला धैर्य म्हटलंय त्यात ही शिकवणही मोजायला पाहिजे असं माझं मत.

अशी साधारण २०,००० मुलं १९८७ च्या आसपास इथिओपियाकडे चालत निघाली असं सांगितलं जातं. शेकडो मैल, बरेच जण अनवाणी, रात्री चालायचं आणि दिवसा झाडीत लपायचं, मध्ये नाईल, मग अकोबोचं वाळवंट. सल्वाचा मित्र मारियल रात्रीत नाहीसा होतो, सिंहाने नेलं. त्याचा काका जेविर याला नुएर माणसं गोळ्या घालतात, म्हणजे मारणारे दक्षिणेचेच. लहान वाचकाला हा प्रसंग नुसता दुःखाचा वाटतो, पण डिंका-नुएर वैराने पुढे काय केलं ते माहीत असलं की जास्त टोचतो. १९९१ मध्ये एसपीएलए याच रेषेवर फुटली, आणि स्वतंत्र झालेला दक्षिण सुदान डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा पेटला तेव्हाही भांडण पुष्कळसं त्याच रेषेवर गेलं.

इथिओपियात पिन्यूदो वगैरे छावण्या होत्या. पोरांनी गवत-मातीची घरं स्वतः बांधली, झाडाखाली शाळा भरायची, पाटी नाही की वही नाही, जमिनीवर बोटाने अक्षरं गिरवायची. हा भाग सगळ्या पुस्तकांत येतो आणि वाचायलाही बरा वाटतो. जरा कमी येतं ते हे की छावणीवर वचक एसपीएलएचा होता, पोरांना कवायत करायला लावायचे, लाल सेना म्हणायचे आणि अनेकांना नंतर लढायला नेलं. मानवी हक्कवाल्यांनी नव्वदच्या दशकात हे लिहून ठेवलंय. पण निर्वासित म्हणून ज्याला आसरा मागायचाय तो माझ्या हातात बंदूक होती असं कशाला पुढे होऊन सांगेल? एमॅन्युएल जाल या गायकाने ते 'वॉर चाइल्ड' या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिलंय.

मे १९९१ मध्ये मेंगिस्तू पळाला, नवीन राजवटीला हे पाहुणे नको होते, त्यांना परत सुदानकडे हाकललं. पावसाचे दिवस, गिलो नदी फुगलेली, मागून गोळीबार, पाण्यात मगरी. हजारो लोक एकदमच नदीत उतरले आणि शेकडो मेले. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांची काय कथा. सल्वाच्या गोष्टीत तो त्यानंतर सुमारे १,५०० मुलांचा म्होरक्या होतो आणि दीड वर्ष चालत त्यांना केनियात नेतो, १,२०० च्या वर पोचतात.

केनियात १९९२ साली तुर्कानाच्या रखरखाटात काकुमा छावणी उभी राहिली. मुलं गटागटाने राहायची, ठरावीक दिवसांनी मका, डाळ, तेल मिळायचं, मोठी मुलं राखून राखून वाटायची. जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, त्यामुळे कागदोपत्री बहुतेकांची १ जानेवारी. लॉस्ट बॉइज हे नाव 'पीटर पॅन' या मुलांच्या इंग्रजी गोष्टीवरून बाहेरच्या लोकांनी दिलेलं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बायका-मुलंच जास्त, सायबेरियातून वाचून आलेली, त्या छावणीला निदान शेवट होता. काकुमा आजही आहे, दोन लाखांहून जास्त माणसं घेऊन, आणि तिथे दक्षिण सुदानचे लोक नव्याने येतच राहिले.

सल्वा १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला. मोठी तुकडी गेली २०००-०१ मध्ये, साडेतीन हजारांच्या वर मुलगे, तोवर विशीतले झालेले. ११ सप्टेंबरनंतर ते काम थंडावलं. पुस्तकांची लाट आली ती यानंतर : २००५ मध्ये दोघा सख्ख्या भावांनी आणि त्यांच्या एका नात्यातल्या भावाने मिळून सांगितलेलं 'दे पोअर्ड फायर ऑन अस फ्रॉम द स्काय', २००६ मध्ये डेव्ह एगर्स यांचं 'व्हॉट इज द व्हॉट', २००७ मध्ये कॅथरीन ॲपलगेट यांची मुक्तछंदातली कादंबरी 'होम ऑफ द ब्रेव्ह'. या शेवटच्या पुस्तकातला केक नावाचा सुदानी मुलगा अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या बर्फात एका शेतावरच्या म्हाताऱ्या गायीपाशी घोटाळत राहतो, आणि वरचं गुरांचं सगळं माहीत असेल तर तो भाग गोड वाटत नाही, घशाशी येतो.

लाट तेव्हाच का आली? एक तर सांगणारे आता इंग्रजी बोलत होते आणि ऐकणारे शेजारी राहत होते. दुसरं, प्रत्येकाने आपली गोष्ट आधी कितीतरी वेळा सांगितलेली होती, निर्वासित आयोगाच्या लोकांना, अमेरिकन अधिकाऱ्यांना इंटरव्ह्यूमध्ये, मग चर्चमधल्या स्पॉन्सर मंडळींना, पत्रकारांना. सांगून सांगून गोष्टीला एक साचा येतो. 'व्हॉट इज द व्हॉट' मला सगळ्यात आवडतं ते याच्यासाठी, की त्यातला व्हॅलेंटिनो स्वतःच सांगून टाकतो की आमच्या सगळ्यांच्या गोष्टी आता एकसारख्या झाल्यात, सिंह, तरस, मगरी प्रत्येकात पाहिजेतच, ऐकणाऱ्याला ते आवडतं. खऱ्या व्हॅलेंटिनो अचाक देंगच्या आयुष्यावरचं पुस्तक असूनही मुखपृष्ठावर कादंबरी म्हटलंय, कारण इतक्या लहानपणचे संवाद जसेच्या तसे कोणाला आठवणार, हा प्रामाणिकपणा मला पटतो. काही जणांना एका गोऱ्या लेखकाने दुसऱ्याच्या 'मी'मध्ये लिहिणं खटकलं, तेही समजू शकतो. पण पुस्तकाच्या पैशातून मारियल बाई या व्हॅलेंटिनोच्या गावात २००९ मध्ये माध्यमिक शाळा सुरू झाली. सल्वानेही २००३ मध्ये संस्था काढून गावोगाव विहिरी खोदायला घेतल्या, कारण त्याचे वडील दूषित पाण्याने आजारी पडल्याचं त्याला इतक्या वर्षांनी कळलं होतं.

राहिल्या मुली. अमेरिकेला गेलेल्या त्या तुकडीत मुली फक्त ८९. धाडीत पळवल्या गेल्या, मारल्या गेल्या ते तर झालंच. पण ज्या चालत छावणीपर्यंत पोचल्या त्यांना रिवाजाप्रमाणे कुठल्या तरी कुटुंबात ठेवलं गेलं, मुलगी एकटी राहू द्यायची नाही म्हणून, त्यामुळे कागदावर त्या एकट्या नव्हत्याच आणि यादीत आल्या नाहीत. त्या घरांत पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, आणि लग्न ठरलं की गुरं त्या घराला, मग सोडतंय कोण. पार्क यांच्या पुस्तकात २००८ सालची, रोज आठ तास पाण्यासाठी चालणारी न्या ही नुएर मुलगी आहे खरी, पण ती काल्पनिक आहे. सल्वाच्याच काळात चाललेल्या मुलींची गोष्ट सांगणारं, इतकंच गाजलेलं पुस्तक मला तरी सापडलेलं नाही.

वाचायला घेणार असाल तर घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला पार्क यांचं पुस्तक द्या, एका बैठकीत होतं. स्वतः एगर्सपासून सुरू करा, जाड आहे आणि मध्ये अटलांटातले प्रसंग रेंगाळतात, पण रेटा. पिन्यूदोची प्रकरणं येईपर्यंत तरी सोडू नका.