कॅम्पसला सुट्टी, पण डीपी चालूच

दिवाळीची सुट्टी लागली, हॉस्टेलं रिकामी झाली की बहुतेकांना वाटतं आता विद्यापीठाचं मीटर जवळपास थांबलंच असणार. तसं अजिबात होत नाही. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये वॉटर कूलर पाणी गार करत राहतो, सर्व्हर रूमचा एसी चालू असतो, पण हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. जाळीच्या कुंपणाआडच्या ट्रान्सफॉर्मरकडे, म्हणजे आपल्या डीपीकडे, कुणाचंच लक्ष जात नाही.

मोठ्या कॅम्पसला वीज ११ किंवा २२ केव्हीने (हजार व्होल्टने) येते, आतले ट्रान्सफॉर्मर ती ४३३ व्होल्टवर आणतात, आणि मीटर सहसा एचटी (जास्त व्होल्टेजच्या) बाजूला असतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये जे वाया जातं तेही बिलातच येतं. हा लॉस दोन प्रकारचा. तांब्याच्या वेटोळ्यांतला लोडच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, लोड निम्मा झाला तर लॉस पाव. पण पोलादी गाभ्यातला लॉस लोड शून्य असला तरी तेवढाच!

असं का? गाभ्याचं पोलाद म्हणजे छोट्या छोट्या चुंबकी भागांचा समूह, त्यांना डोमेन म्हणतात. आपला एसी (दिशा बदलत राहणारा) करंट ५० हर्ट्झचा, म्हणून सेकंदाला ५० वेळा या डोमेन्सना एका दिशेला वळून परत उलट फिरावं लागतं, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की तापते तसं या उलटसुलटीत पोलाद तापतं. शिवाय गाभ्यातच विजेचे गोल फिरणारे भोवरा प्रवाह तयार होतात, म्हणून तो सलग न ठेवता जेमतेम पाव मिलिमीटरच्या पत्र्यांचा रचतात, कारण हा लॉस पत्र्याच्या जाडीच्या वर्गावर जातो. चुंबकत्व कुठल्याही दिशेचं असो, पत्रा किंचित ताणला जातोच, म्हणजे एका सायकलमध्ये दोनदा, म्हणून डीपीजवळ जी घुंघुं ऐकू येते ती १०० हर्ट्झची असते. आणि सुट्टीत लोड कमी झाला की लाइनचं व्होल्टेज थोडं चढतं, त्याने हा लॉस उलट वाढतो.

एका ट्रान्सफॉर्मरचा गाभा १ किलोवॅट खातो असं धरा. सुट्टीच्या २१ दिवसांत ५०४ युनिट, एकही दिवा न लावता.

(ऑनलाइन मिळणारे प्लगमध्ये खोचायचे 'पॉवर सेव्हर' याला उपाय नाहीत. आत साधारण एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो, घरचं बिल त्याने कमी होत नाही, पैसे घालवू नका.)

खरा उपाय साधा आहे. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर असतील तर सुट्टीत बस कपलरने (दोघांच्या लाइन जोडणाऱ्या स्विचने) सगळा लोड एकावर घ्यायचा, दुसरा एचटी बाजूनेच बंद करायचा. गाभ्याचा लॉस १ आणि पूर्ण लोडचा तांब्याचा ८ किलोवॅट असेल तर एकूण लोड एका ट्रान्सफॉर्मरच्या निम्म्या क्षमतेखाली असेपर्यंत एकच चालवणं फायद्याचं (क्ष म्हणजे एकूण लोड एका ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचा किती हिस्सा आहे ते. एकच चालवला तर लॉस १+८क्ष², दोन्ही चालवले तर २+४क्ष², यांची तुलना करा). बायोलॉजीचे उणे ८० अंशांचे डीप फ्रीझर कुठल्या फीडरवर (वीज पुरवणाऱ्या लाइनवर) आहेत ते मात्र आधी वायरमनकडून पक्कं करून घ्या, नाहीतर कुणाचे वर्षानुवर्षांचे नमुने जातील. पावसाळ्यात हे नको, बंद पडलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या थंड तेलाच्या टाकीत दमट हवा शिरते. दिवाळीनंतर चालू करताना ब्रीदरमधली (टाकीत हवा आत-बाहेर होते त्या नळीतली) ओलावा शोषणारी सिलिका जेल पाहायची, निळी गुलाबी झाली असेल तर आधी ती बदलायची आणि तेलाची तपासणी करून मगच स्विच टाकायचा.