पीठ फुगले म्हणजे आंबले असे नव्हे

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि तेव्हापासून नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी, राळा यांच्या डोशांच्या पाककृती सर्वत्र दिसू लागल्या. त्यांपैकी बऱ्याच पाककृती ‘झटपट’ असतात: भिजवणे नको, आंबवणे नको, पिठात दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा की लगेच डोसे घालायला घ्यायचे. अशा डोशाला जाळी पडते, यात शंका नाही. परंतु जाळी हा आंबण्याचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहे. रात्रभर पिठात जे महत्त्वाचे काम चालते ते सोड्याने होत नाही, आणि ते काम इतके सुंदर आहे की ते थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर नाचणी, ज्वारी, बाजरी यांत साधारण 4 ते 6 मिलिग्रॅम लोह असते. मात्र धान्यात असलेले सगळे खनिज शरीराला मिळतेच असे नाही, कारण त्याच दाण्यात फायटिक आम्लही असते. सहा कार्बन अणूंचे एक कडे आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एक याप्रमाणे सहा फॉस्फेट गट, अशी त्याची रचना आहे. पुढे रुजणाऱ्या अंकुरासाठी दाण्याने करून ठेवलेली ही फॉस्फरसची साठवण होय. या फॉस्फेट गटांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे लोह, जस्त, कॅल्शियम यांचे धनभारित आयन त्यांना घट्ट चिकटून बसतात. हे चिकटलेले खनिज सोडवणारे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, एन्झाइम) माणसाच्या आतड्यात जवळपास नसतेच, म्हणून ते खनिज न शोषले जाता शरीराबाहेर पडते.

या कुलपाची किल्ली दाण्यातच असते. फायटेज नावाचे विकर फॉस्फेट गट एकेक करून तोडत जाते. सहाचे पाच, पाचाचे चार असे गट कमी होत जातात तशी खनिजांवरची पकड सैल होते. दाणा कोरडा असेपर्यंत हे विकर स्वस्थ असते, आणि पाणी मिळाले की रुजण्याची वेळ आली असे समजावे तसे कामाला लागते. परंतु त्याला सौम्य आम्लता हवी असते: 4.5 ते 5.5 या सामूच्या (pH; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) आसपास ते सर्वाधिक जोमाने चालते, आणि नुकत्याच वाटलेल्या पिठाचा सामू सहाच्या वर असतो. ही उणीव जीवाणू भरून काढतात. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू शर्करेपासून लॅक्टिक आम्ल, अल्कोहोल किंवा अॅसेटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. वायूने पीठ फुगते आणि आम्लाने सामू खाली येतो. पुढे अधिक आम्लता सोसणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू जोर धरतात आणि सामू साडेचारच्या जवळ नेतात. म्हणजे जीवाणू स्वतःसाठी आम्ल तयार करतात, त्या आम्लात धान्याचे स्वतःचे विकर जागे होते, आणि सुटलेले लोह विरघळलेल्या अवस्थेत ठेवायला तेच लॅक्टिक आम्ल उपयोगी पडते.

सोड्याने मात्र वायू मिळतो, आम्ल मिळत नाही. उलट सोडा अल्कधर्मी असल्याने दह्याची आम्लताही तो मारतो. शिवाय विकराला लागणारे तासही दिलेले नसतात. भाजलेल्या धान्याचे पीठ वापरले तर रात्रभर ठेवूनही लाभ कमीच होतो, कारण उष्णतेने फायटेज मोठ्या प्रमाणात निकामी झालेले असते. म्हणून कच्चे, फार पॉलिश न केलेले धान्य घ्यावे.

कृती सोपी आहे. तीन वाट्या धान्य, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या सहा ते आठ तास भिजवून वाटाव्यात आणि पीठ उबेला आठ ते बारा तास ठेवावे. भरड धान्यांत ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसल्यामुळे बुडबुडे धरून ठेवण्याचे काम उडदाची प्रथिने आणि त्याचा चिकट पदार्थ करतात, त्यामुळे उडीद वगळू नये. आंबवणारे जीवाणूही मुख्यतः डाळीवरून आणि धान्यावरूनच येतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीने हात लावला तर पीठ किंवा लोणचे बिघडते, ही समजूत निराधार आणि अपमानकारक आहे. जीवाणूंना कळते ते तापमान, पाणी, मीठ आणि आम्लता एवढेच. अशा डोशाला ‘प्रोबायोटिक’, म्हणजे जिवंत उपयुक्त जीवाणू पुरवणारा, म्हणून मिरवणेही चुकीचे आहे, कारण तापलेल्या तव्यावर हे जीवाणू मरून जातात. त्यांनी रात्री केलेले काम तेवढे आपल्या पानात येते.

चटणीचा विचारही याच दृष्टीने करावा. वनस्पतींतील लोह बहुतांशी फेरिक रूपात असते. क जीवनसत्त्व त्याचे सहज शोषल्या जाणाऱ्या फेरस रूपात रूपांतर करते आणि उरलेल्या फायटिक आम्लाच्या तावडीतूनही ते वाचवते. त्यासाठी ते त्याच जेवणात पोटात जायला हवे. खोबऱ्याच्या किंवा डाळ्याच्या चटणीत हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर घालावी, कैरी असल्यास तीही वाटावी, आणि फोडणी निवल्यावर, अगदी वाढताना लिंबू पिळावे, कारण उष्णता आणि हवा या दोन्हींनी क जीवनसत्त्व नष्ट होते. डोशाबरोबर चहा मात्र घेऊ नये. चहातील टॅनिन लोहाला पुन्हा बांधून ठेवते, आणि नाचणीच्या सालीत तशी द्रव्ये आधीच असतात. चहा तासाभराने घ्यावा.