मुष्टियुद्धातील हातांचा दमसास

फेरीच्या पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत हात वर धरणे, ठोसे मारत राहणे आणि प्रत्येक ठोशानंतर मूठ पुन्हा हनुवटीपाशी आणणे, ही खेळाडूची क्षमता म्हणजे हातांचा दमसास. नवशिक्यांना ठोसा मारण्याची चिंता असते. प्रत्यक्षात हात आधी गळतात ते मूठ परत आणताना. दमलेला हात छातीपर्यंत उतरतो, हनुवटी उघडी पडते आणि पुढचा ठोसा तिथेच बसतो. म्हणून हातांचा दमसास हा ताकदीइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती ही रचना १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आली आहे. ऑलिंपिकमध्ये अशा ३ फेऱ्या होतात, तर पुरुषांच्या व्यावसायिक विजेतेपदाच्या लढतीत १२. हौशी लढतीतले ग्लोव्हज १० किंवा १२ औंसांचे, म्हणजे साधारण २८० ते ३४० ग्रॅमचे असतात. सरावात बरेचजण १६ औंसांचे वापरतात. पहिल्या मिनिटाला हे वजन जाणवतही नाही. तिसऱ्या फेरीत मात्र खांदे पेटल्यासारखे होतात.

याचे कारण शरीररचनेत आहे. पायांच्या मानाने हातांचे स्नायू लहान. त्यात गार्ड धरला, म्हणजे बचावासाठी मुठी चेहऱ्यासमोर ठेवल्या, की खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू सतत आखडलेला राहतो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि प्राणवायूचा पुरवठा घटतो. वरून ठोशांची सरबत्ती झाली की स्नायूंत आम्लता वाढते आणि हात भरून येतात. फुकट गेलेला ठोसा विशेष दमवतो, कारण समोर काहीच लागले नाही तर वेगात गेलेला हात आपल्याच स्नायूंना ओढून थांबवावा लागतो.

३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासात झालेली मुहम्मद अली–जॉर्ज फोरमन या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची लढत याचे सर्वांत ठळक उदाहरण. फोरमन २५ वर्षांचा, अपराजित, आणि त्याच्या आधीच्या तीन लढती दुसऱ्या फेरीपुढे गेल्याच नव्हत्या. ३२ वर्षांचा अली रिंगच्या दोरांना टेकला, कोपर आणि हातांनी अंग झाकून घेतले आणि फोरमनला मारू दिले. दमट हवेत, पहाटेच्या त्या लढतीत फोरमनचे ठोसे फेरीगणिक जड आणि संथ होत गेले. आठव्या फेरीत अलीने त्याला आडवा केला. फोरमनच्या ताकदीबद्दल कुणालाच शंका नव्हती. ती पुरवून वापरण्याची वेळ त्याच्यावर बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

म्हणून दमसास वाढवण्याची सुरुवात डंबेल्सपासून करू नये. आधी खांदे सैल सोडायला शिकावे. मूठ लागण्याच्या क्षणीच घट्ट आवळावी, एरवी बोटे ढिली असावीत. ठोसा मागच्या पायाच्या टाचेपासून उठून कमरेतून फिरत यावा. हाताने तो फक्त पोचवावा. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून किंवा दातांतून श्वास सोडावा. श्वास कोंडला की खांदे कानांकडे चढतात आणि दम दुप्पट वेगाने संपतो.

यानंतर सराव, तोही फेरीच्या घड्याळावर. शॅडो बॉक्सिंगमध्ये, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारताना, तिन्ही मिनिटे हात गालाच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. टांगलेल्या जड बॅगवर शेवटचे ३० सेकंद न थांबता हलके, सरळ ठोसे मारायचे. इथे जोर नको, लय हवी. स्पीड बॅगमुळे, म्हणजे वर टांगलेल्या छोट्या, झपाट्याने हलणाऱ्या बॅगमुळे, हात डोक्याच्या उंचीवर राहतात, त्यामुळे खांद्यांना तिच्याइतकी नेमकी सवय क्वचितच कशाने लागते. दोरीवरच्या उड्या आणि धावणे सोडू नये, कारण विश्रांतीच्या मिनिटात हात सावरतात ते हृदय-फुप्फुसांच्या जोरावर. जोर-बैठकांतले जोर काढताना छातीबरोबरच बरगड्यांवरचा, खांद्याचे पाते पुढे ढकलणारा स्नायूही तयार होतो, आणि ठोशाची शेवटची लांबी त्याच्याकडूनच मिळते.

हातात वजने घेऊन शॅडो बॉक्सिंग करावे का, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. वजन खाली ओढते, तर ठोसा समोर जातो, त्यामुळे ठोशाचा जोर यातून फारसा वाढत नाही. गार्ड धरणाऱ्या खांद्यांना थोडा फायदा होतो. अर्धा-एक किलोपलीकडे जाऊ नये आणि झटका देऊन हात पूर्ण ताणू नये, नाहीतर कोपर दुखावते. त्यापेक्षा मुद्गल बरे. तालमीतला हा व्यायाम १९व्या शतकात ब्रिटिश सैन्याने उचलला आणि तो यूरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत पोचला. हलका मुद्गल डोक्यामागून फिरवताना खांदा सगळ्या दिशांनी खुला होतो आणि मनगटाची पकडही टिकते.

खांद्याचे सांधे सावकाश तयार होतात. स्नायूंची जळजळ फेरी संपल्यावर ओसरते. सांध्यात आत टोचल्यासारखे दुखत असेल तर बॅगचे काम काही दिवस बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. स्पॅरिंगमध्ये (जोडीदाराशी सरावाच्या लढतीत) हात उतरू लागले की प्रशिक्षकाने फेरी तिथेच थांबवावी. दमलेल्या हातांनी काढलेल्या जादा फेऱ्यांत गार्ड पाडण्याचीच सवय लागते, शिवाय डोक्याला नाहक मार बसतो.