सुटा टप (बंद स्पोर्ट्स कूपेचे रूपांतर)

सुटा टप : दोन दारांच्या, पत्र्याच्या पक्क्या छताच्या स्पोर्ट्स मोटारीत पुढची काच आणि आसनांमागचे खांब यांच्यामधला टपाचा भाग कापून त्याजागी हाताने काढता-बसवता येणारा कडक फलक बसवण्याचे काम. कापडी छताची घडी करून मागे टाकणाऱ्या उघड्या मोटारीपेक्षा हा प्रकार वेगळा आहे, कारण यात मागचे खांब, मागची काच आणि खांबांना जोडणारी आडवी कमान जागच्या जागी राहते. सनरूफपेक्षाही तो वेगळा आहे : सनरूफमध्ये टपाच्या मधोमध झरोका पडतो, पण दोन्ही दारांवरच्या कडा, म्हणजे टपाचे खरे भार वाहणारे दांडे, अखंड राहतात. सुट्या टपाचे दोन मुख्य प्रकार आहेत. काचेपासून कमानीपर्यंत एकच आडवा फलक निघत असेल, तर त्याला टार्गा म्हणतात. मधोमध पुढून मागे एक पट्टी ठेवून दोन बाजूंना दोन फलक बसवले असतील, तर तो टी-टॉप होय.

टप म्हणजे वरचे झाकण, ही समजूत या कामातल्या बहुतेक फसगतींच्या मुळाशी असते. आधुनिक मोटारीला सहसा वेगळी चासी, म्हणजे भार घेणारा खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. तळ, दारांखालचे सिल, खांब आणि टप मिळून एक बंद पेटी होते आणि तीच सारा भार घेते. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका आधी झाकण चिकटवून आणि मग झाकण काढून हातात पिळून पाहिला, तर बंद पेटी आणि उघडी पेटी यांतला फरक लगेच कळतो. मोटारीच्या बाबतीत हा गुण न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात मोजतात : एक टोक पक्के धरून दुसऱ्या टोकाला पीळ दिला, तर सांगाडा एक अंश फिरायला किती जोर लागतो, हे त्यावरून कळते. टप कापला की हा आकडा एकदम खाली येतो. पुण्याच्या रस्त्यांवर त्याचा अनुभव लगेच येतो. गतिरोधक तिरका ओलांडताना एक चाक आधी वर चढते, सांगाडा पिळतो, आणि ताठपणा गेलेल्या गाडीत दार चौकटीत करकरते, डॅशबोर्ड कुरकुरतो, पुढची काच कोपऱ्यातून तडकू शकते.

कारखान्यांतून आलेल्या गाड्यांचा इतिहास याच ताठपणाभोवती फिरतो. अमेरिकन रचनाकार गॉर्डन ब्यूरिग यांनी टी-टॉपचे पेटंट १९५१ मध्ये मिळवले. ब्रिटनच्या ट्रायम्फ टीआर४ या १९६१ सालच्या गाडीत मागच्या काचेची कडक चौकट आणि तिच्यापुढे निघणारा फलक अशी सोय जादा पैसे देऊन मिळत असे. पोर्शने ९११ टार्गा सप्टेंबर १९६५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दाखवली. पूर्ण उघड्या गाड्यांवर अमेरिकेत सुरक्षेच्या कारणाने बंदी येईल, अशी त्या काळी धास्ती होती आणि टार्गाची रुंद पोलादी कमान हे त्या धास्तीला दिलेले उत्तर होते. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून घेतलेले तिचे नाव पुढे या साऱ्या प्रकारालाच चिकटले.

शेव्हरोले कॉर्व्हेटची उदाहरणे रूपांतर करू पाहणाऱ्याने नीट अभ्यासावीत. १९६८ च्या कॉर्व्हेटला आधी एकसंध निघणारा टप द्यायचा विचार होता. पण सांगाडा फार लवचीक निघाल्यामुळे मधोमध पट्टी घालावी लागली आणि ती गाडी टी-टॉप झाली. १९८४ च्या पुढच्या पिढीत उलटे घडले : आराखडा बराच पुढे गेल्यावर मधली पट्टी काढायचे ठरले आणि गेलेला ताठपणा भरून काढण्यासाठी दारांखालचे सिल उंच करावे लागले. त्या गाडीत बसता-उतरताना पाय किती उचलावा लागतो, याची तक्रार आजही होते. तिचा टप खिट्ट्यांनी न अडकवता बोल्टने आवळतात, कारण बसवलेला फलकही भार घेण्यात भागीदार असतो. एवढे साधनसंपन्न अभियंतेही टपाचा ताठपणा फुकटात सोडू शकले नाहीत, हे गॅरेजमध्ये कटर हातात घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे. १९७२ च्या फियाट एक्स१/९ मध्ये फलक पुढच्या बॉनेटखाली ठेवता येई, तर १९९५ च्या होंडा एनएसएक्स-टीमध्ये मागच्या काचेखाली. काढलेला फलक ठेवायचा कुठे, हा प्रश्न या दोन्ही गाड्यांनी सर्वांत नीटसपणे सोडवला.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण स्टँडर्ड हेराल्डचे. मूळ ट्रायम्फ हेराल्डला वेगळी चासी होती आणि तिचा सांगाडा बोल्टने जोडलेल्या भागांचा होता, त्यामुळे टप कापण्याऐवजी बोल्ट सोडवून उचलता येत असे. मद्रासमध्ये १९६१ पासून बनू लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डच्या रचनेचा पायाही हाच. अशा गाडीवर टप सुटा करणे तुलनेने सोपे असते, कारण पिळाचा भार चासी घेते. फियाट ११०० सारख्या, चासी वेगळी नसलेल्या गाडीला हा हिशोब लागू होत नाही. जुन्या गाड्यांविषयी सल्ला देताना हा भेद अनेकदा गाळला जातो आणि तिथेच नुकसान होते.

कायदा : सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी झालेल्या गाडीवर हे रूपांतर भारतात करता येत नाही, असे स्पष्ट म्हणायला हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज केला की सांगाड्यातला असा बदल नोंदवून मिळेल, ही समजूत चुकीची आहे. वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था गाड्यांच्या चाचण्या करते, हे पुणेकरांना ठाऊक असते. पण नमुना-मान्यतेची, म्हणजे गाडीचा नमुना रस्त्यासाठी मंजूर करण्याची, ती प्रक्रिया मुळात उत्पादकाच्या नमुन्यासाठी आहे. अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. म्हणून पुण्यात या कामाला खरी जागा तीन ठिकाणी उरते : केवळ बंदिस्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्या, प्रदर्शनासाठी किंवा अभ्यासासाठी बनवलेले नमुने, आणि कारखान्यातूनच सुटा टप घेऊन आलेल्या गाड्यांची दुरुस्ती. पुढचे वर्णन या तिन्हींना लागू पडते. तिसऱ्यात कापण्याचा भाग अर्थातच नसतो.

काम : कापणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. आधी गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी करून मापे घेतात : दोन्ही दारांच्या फटी वर, मध्ये, खाली, आणि दारांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण. मग पुढचा एक कोपरा जॅकने उचलून त्याच फटी पुन्हा मोजतात. दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट जेवढी बदलते, तेवढा सांगाडा पिळला. महागडे यंत्र नसलेल्या गॅरेजला ताठपणा जोखण्याचा याहून सोपा उपाय नाही. हे आकडे जपून ठेवावे लागतात, कारण काम संपल्यावर तीच कसोटी पुन्हा लावायची असते आणि बदल पहिल्यापेक्षा जास्त भरला, तर काम संपलेले नसते.

त्यानंतर दोन्ही दारांच्या मोकळ्या चौकटींत चौकोनी पाईप तात्पुरते वेल्ड करून पुढचा खांब मागच्या खांबाशी आणि डावी बाजू उजवीशी बांधून टाकतात. गाडी जॅक स्टँडवर असताना टप कापला, तर सांगाडा त्या अवस्थेत जसा झुकला असेल तसाच कायम होतो आणि पुढे कितीही ठोकाठोक केली तरी दार नीट बसत नाही. मजबुतीचे सारे काम कापण्यापूर्वी उरकायचे असते. सिलच्या पोकळीत आतून जाड पत्र्याची दुसरी पेटी किंवा पाईप घालतात, तळाखाली दोन सिलना जोडणारे आडवे किंवा फुलीच्या आकाराचे दांडे बसवतात, आणि मागच्या खांबांतून डोक्यामागे जाणारी पाईपची कमान थेट तळापर्यंत उतरवून सिलला जोडतात. पुढच्या काचेच्या खांबांतही आतून पाईप घालावा लागतो, कारण गाडी उलटली तर पुढच्या बाजूला आता तेवढाच आधार उरतो. अमेरिकेतल्या १९७३ पासून लागू झालेल्या नियमानुसार टपाला गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट दाब सोसावा लागे. २००९ च्या सुधारणेने हलक्या गाड्यांसाठी तो रिकाम्या वजनाच्या तिप्पट केला. गॅरेजमध्ये अशी चाचणी करता येत नाही, म्हणून कमानीच्या बाबतीत काटकसर मुळीच करू नये.

अलीकडच्या गाड्यांवर हे काम ट्रॅकसाठीही करू नये, असे या नोंदीचे ठाम मत आहे. त्यांच्या खांबांत बोरॉनयुक्त अतिकठीण पोलाद असते. साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद सांध्याजवळ घटते, आणि वरून रंग मारल्यावर ती उणीव डोळ्यांना दिसत नाही. शिवाय दारांवरच्या कडांत पडद्यासारख्या एअरबॅग असतात. त्यांत स्फोटक भरलेले असल्याने तिथे कटर किंवा वेल्डिंग चालवणे जिवावर बेतू शकते.

फलक आणि खिट्ट्या : कापलेला मूळ पत्रा फलकासाठी वापरता येतो, पण त्याला आतून चौकट लागते, नाहीतर तो उचलतानाच वाकतो. ०.८ मिमी जाडीचा, १.१ मीटर लांब आणि ०.७ मीटर रुंद नुसता पत्रा सुमारे ४.८ किलोचा भरतो. चौकट, अस्तर आणि खिट्ट्यांसह तो एकट्याने डोक्यावरून काढणे कठीण होते. म्हणून फायबरचा, मध्ये फोम भरलेला फलक अधिक सोयीचा ठरतो. भोसरी-चिंचवड पट्ट्यात फायबरचे साचे बनवणारे कारागीर मिळतात आणि कापलेला पत्रा त्यांना साच्यासाठी देता येतो.

खिट्ट्या वजनासाठी नसतात. त्या वाऱ्याशी झुंजतात. चालत्या गाडीच्या टपावरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब घटतो आणि फलक वर ओढला जातो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमी वेगाने जाताना वर दिलेल्या मापाच्या फलकावर ही ओढ साधारण १८ ते ३६ किलो वजनाएवढी येते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, आणि काचा उघड्या असतील तर आतला दाबही फलकाला वर ढकलतो. त्यामुळे पुढच्या बाजूला खोबणीत घुसणाऱ्या दोन जाड पिना आणि मागे दोन स्वतंत्र खिट्ट्या असाव्यात, म्हणजे एक निसटली तरी फलक मागून येणाऱ्याच्या अंगावर उडणार नाही. पुढची बाजू नुसत्या चुंबकावर किंवा वेल्क्रोवर सोडणे अक्षम्य आहे.

पाणी : पुणे शहरात वर्षभरात पडणारा सुमारे ७०० मिमी पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि ताम्हिणीकडे गाडी वळवली की त्याच्या कितीतरी पट. रबर घट्ट दाबून पाणी अडवता येते, ही कल्पना इथे टिकत नाही. पाण्याला दोन टप्प्यांत हाताळावे लागते : पहिला पोकळ रबराचा बाहेरचा गोट, जो बहुतांश पाणी अडवतो, आणि त्याच्या आत पन्हळ, जी निसटलेले पाणी गोळा करून नळ्यांतून खांबांवाटे खाली सोडते.

गळतीची खरी जागा पुढच्या खांबाचा वरचा कोपरा. तिथे काचेची वरची पट्टी, दाराच्या बिनचौकटीच्या काचेची कड आणि फलकाचा कोपरा अशा तीन रेषा एकत्र येतात. सरळ रबर तिरके कापून तिथे चिकटवले, तर सांध्याचा डिंक उन्हाळ्यात सुटतो आणि पहिल्याच पावसात थेंब चालकाच्या मांडीवर पडतो. कोपऱ्याचा तुकडा अखंड साच्यातून काढलेला असावा; नाना पेठेतल्या दुकानांत दारांची सरळ बीडिंग मिळते, पण असा कोपरा बहुधा करूनच घ्यावा लागतो. रबर सगळीकडे टेकते की नाही, हे पाहण्यासाठी त्यावर खडूची पूड चोळून फलक बसवतात आणि काढून पाहतात : जिथे फलकावर पांढरी रेघ तुटली, तिथे पाणी येणार. मग कागदाची पट्टी रबरात अडकवून ओढून पाहतात, आणि शेवटी नळीने पाणी मारतात, तेही खालून वर सरकत, म्हणजे नेमकी कोणती जागा गळते ते सापडते.

पन्हळीच्या नळ्यांचे तोंड सिलच्या बाहेर काढलेच पाहिजे. ती नळी सिलच्या पोकळीत संपवली, तर पावसाचे पाणी त्याच पेटीत साचते, जिला आता टपाचा भार पेलायचा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला जस्ताचा थर आधीच जळलेला असतो, म्हणून पत्रा आतून गंजतो आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत कळत नाही. यासाठी वेल्डिंग झाल्यावर पोकळीत गंजरोधक मेण फवारतात, सिलच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवतात, आणि झाडाखाली गाडी लावणाऱ्याने दरवर्षी मे अखेर या नळ्यांतून बारीक तार फिरवून अडकलेला पालापाचोळा काढून घ्यावा.