मदतगीते आणि १९८० च्या दशकाची ओढ

दुष्काळ, युद्ध किंवा रोगाची साथ यांत सापडलेल्यांसाठी निधी उभा करण्याकरिता अनेक नामवंत गायकांनी मानधन न घेता एकत्र गायलेल्या गाण्याला मदतगीत म्हणता येईल. ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातला जॉर्ज हॅरिसन आणि सतारवादक पंडित रविशंकर यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी केलेले कार्यक्रम ही त्याची पूर्वपीठिका होय; परंतु लोक आज ज्याच्या आठवणीत रमतात, ते त्याचे रूप १९८४-८५ च्या हिवाळ्यात घडले.

इथिओपियातील कोरेम येथील भूकबळींचे चित्रण बीबीसीने २३ ऑक्टोबर १९८४ रोजी दाखवले. ते पाहून अस्वस्थ झालेल्या आयरिश गायक बॉब गेल्डॉफने गायक मिज यूरच्या साथीने ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ (नाताळ आहे हे त्यांना ठाऊक आहे का?) हे गाणे रचले आणि २५ नोव्हेंबरला लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत ‘बँड एड’ या नावाखाली त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पहिली ओळ पॉल यंगने गायली, ड्रम फिल कॉलिन्सने वाजवले, आणि न्यूयॉर्कमध्ये असलेला गायक बॉय जॉर्ज कॉन्कॉर्ड विमानाने येऊन संध्याकाळी उशिरा पोहोचला. ही तबकडी ब्रिटनमध्ये पाच आठवडे अग्रस्थानी राहिली आणि तिच्या खपाचा विक्रम १९९७ पर्यंत मोडला नाही.

अमेरिकेत मायकल जॅक्सन आणि लायोनेल रिची यांनी लिहिलेले ‘वी आर द वर्ल्ड’ हॉलिवूडमध्ये २८ जानेवारी १९८५ च्या रात्री, एका पुरस्कार सोहळ्यानंतर लगेच ध्वनिमुद्रित झाले. संगीत संयोजक क्विन्सी जोन्सने दारावर ‘अहंकार बाहेर ठेवून या’ अशा अर्थाची पाटी लावली होती. बॉब डिलनला आपली ओळ जमेना, तेव्हा स्टीव्ही वंडरने पियानोवर बसून खुद्द डिलनच्याच आवाजाची नक्कल करत ती त्याला गाऊन दाखवली. काही ओळी स्वाहिलीत गाव्यात अशीही सूचना वंडरने केली होती. इथिओपियात स्वाहिली बोलत नाहीत हे लक्षात आल्यावर ती मागे पडली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झालेला ‘लाइव्ह एड’ हा निधीसाठीचा संगीत कार्यक्रम या लाटेचा कळस होता. त्यात लंडनमधले वेम्ब्लीचे मैदान जिंकणारा, ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला होता आणि त्याचा पहिला वाद्यवृंदही तिथलाच.

या गाण्यांविषयीची ओढ चालीपेक्षा आवाजांच्या रांगेशी अधिक जोडलेली दिसते, कारण केवळ संगीत म्हणून ती त्या गायकांच्या उत्तम रचनांच्या जवळपासही जात नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला एखादी ओळ, हेडफोन एका कानावर दाबून डोळे मिटलेला चेहरा, आणि पुढचा आवाज कोणाचा हे ओळखण्याची गंमत. वाहिन्या मोजक्या असल्याने हे सारे असंख्य घरांत एकाच सुमारास पोहोचले होते. भारतात १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चा हेतू निधीचा नव्हे, राष्ट्रीय एकात्मतेचा होता. तरी पंडित भीमसेन जोशींच्या पहिल्या सुरामागोमाग एकेका भाषेची ओळ ऐकत मोठ्या झालेल्या मराठी श्रोत्याला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही.

शब्दांबाबत मात्र ही गाणी अवघडून टाकतात. नाताळाची जाण आहे का, असा प्रश्न ‘बँड एड’च्या गाण्यात ज्या इथिओपियाबद्दल विचारला गेला, तिथे ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून राजाश्रयाने रुजलेला आहे आणि ७ जानेवारीला नाताळ साजरा होतो. जिथे नद्या वाहत नाहीत असे वर्णन त्यात आले, तिथल्याच ताना सरोवरातून निळी नाईल निघते. दुष्काळामागे पावसाइतकेच तिथले यादवी युद्ध आणि लष्करी राजवटीची धोरणे होती, याचा गाण्यात मागमूस नाही. हेच गाणे १९८९, २००४ आणि २०१४ मध्ये नव्या गायकांनी पुन्हा गायले. शेवटच्या खेपेस, इबोलाग्रस्तांसाठी निधी जमवताना, आपल्याऐवजी संकट त्यांच्यावर आले म्हणून देवाचे आभार मानणारी ओळ बदलण्यात आली. १९८४ मध्ये ती ज्याच्या तोंडी होती, त्या ‘यू२’ वाद्यवृंदाच्या गायक बोनोनेच बदललेली ओळही गायली. २०२४ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त संगीत निर्माता ट्रेव्हर हॉर्नने १९८४, २००४ आणि २०१४ मधले आवाज एकाच ध्वनिमुद्रणात गुंफले, तेव्हा २०१४ मध्ये गायलेल्या गायक एड शीरनने आपल्याला विचारले असते तर नकार दिला असता, असे जाहीरपणे सांगितले.