मॅन्युअल कुणासाठी? यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेची कुळकथा

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज करून कारभार गुंडाळला. सॉफ्टवेअर, यंत्रं, उपकरणं यांची मॅन्युअल लिहिणाऱ्यांची ही जुनी आणि मोठी संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५३ मध्ये बॉस्टनला एक आणि न्यूयॉर्कला एक अशा दोन संघटना निघाल्या, १९५७ साली त्या एक झाल्या आणि १९७१ पासून हे नाव लागलं. भारतातही तिची शाखा होती. पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांतली डॉक्युमेंटेशनवाली मंडळी तिथेच एकमेकांना भेटायची. बाहेरच्यांना या संस्थेचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. मॅन्युअल कुणी लिहिलं, हे मॅन्युअलवर सहसा छापलेलंच नसतं.

संघटना सत्तरीची असली, तरी धंदा बराच जुना आहे. ॲस्ट्रोलेब नावाची एक पितळी तबकडी असे. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजून तिच्यावरून वेळ काढता येई. तिच्यावर महेंद्रसूरी या जैन पंडिताने फिरोझशाह तुघलकाच्या काळात, १३७० साली, 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यानंतर २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये कवी जेफ्री चॉसरने त्याच यंत्रावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहायला घेतली. वाचक एकच : चॉसरचा १० वर्षांचा मुलगा लुईस. त्याला लॅटिन जेमतेम येतं, म्हणून इंग्रजी. प्रस्तावनेत बाप सांगतो की लहान मुलासाठी एकच गोष्ट दोनदा लिहिलेली बरी, एकदा लिहून तो विसरण्यापेक्षा. आजही नवख्या लेखकाला हीच शिकवण द्यावी लागते. चॉसरने पाच भाग योजले होते, हाती लागतात ते दोनच. मॅन्युअल वेळेत पुरं न होण्याची परंपराही तेव्हापासूनची म्हणायची.

आपल्याकडे कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनीही असं काम केलं आहे. 'ग्रहलाघव'कार म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण त्यांनी प्रतोदयंत्रावरही लिहिलं. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारखं हे यंत्र घोड्यावरच्या माणसानेही हातात धरावं आणि सावलीवरून वेळ सांगावी, अशा बेताचं. लुईस काय किंवा तो घोडेस्वार काय, वाचक ठरलेला होता आणि लिहिणाऱ्याला तो दिसत होता.

विजेवर चालणारी अवजड यंत्रं आली तेव्हा नेमकं हेच सुटलं. फिलाडेल्फियातल्या एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर काम करायला सहा तरुणींना नेमलं, तेव्हा त्यांच्या हाती मॅन्युअल नव्हतंच. वायरिंगचे नकाशे पुढ्यात घेऊन त्यांनी ते यंत्र उलगडलं. १९४६ मध्ये ॲडेल गोल्डस्टाईनने एनिॲकचा तांत्रिक अहवाल लिहिला. तो पक्का आणि सविस्तर होता, पण यंत्र कसं बांधलं आहे हे त्यातून कळे. मला हे गणित करायचं आहे तर आता काय करू, हा प्रश्न निराळा.

तो प्रश्न हाती घेतला जोसेफ चॅपलिनने. एनिॲकचे कर्ते एकर्ट आणि मॉक्ली यांनी स्वतःची कंपनी काढून नॉर्थ्रप या विमान कंपनीसाठी बायनॅक नावाचा संगणक बनवला. १९४९ मध्ये त्याच्यासोबत जे मॅन्युअल गेलं, ते चॅपलिनचं. संगणकाचं पहिलं वापरकर्ता-मॅन्युअल म्हणून त्याचा उल्लेख होतो. गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात. तिथला ऑपरेटर हाक मारून विचारू शकणार नव्हता, म्हणजे जे सांगायचं ते कागदावरच. गंमत अशी, की बायनॅक आपल्याकडे कधी धड चाललाच नाही, अशी नॉर्थ्रपच्या लोकांची तक्रार राहिली. मॅन्युअल टिकलं, यंत्र बसलं. चॅपलिन पुढे संगणक सोडून ऑर्गनवादनाकडे वळला.

याच सुमारास सैन्याला दुसरी अडचण होती. शाळा अर्धवट सोडून आलेल्या पोरांच्या हाती रणगाडे आणि ट्रक द्यायचे आणि ते बिघडू द्यायचे नाहीत. अमेरिकी लष्कराने १९५१ मध्ये 'पीएस' नावाचं देखभालीचं मासिक सुरू केलं आणि विल आयस्नर या चित्रकथाकाराकडून त्यात कॉमिक्स काढून घेतली. जाड पुस्तकं छापणाऱ्यांनी नाकं मुरडली असतीलही, पण मासिक चाललं, आयस्नर १९७१ पर्यंत त्यात होता.

साठच्या दशकात मॅन्युअलची जाडी हाताबाहेर गेली. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम फ्रेड ब्रूक्सकडे होतं. प्रकल्पाची सगळी कागदपत्रं एका वर्कबुकात ठेवायची, प्रत्येक प्रोग्रामरकडे त्याची प्रत, असा नियम. सहा महिन्यांच्या आत वर्कबुक पाच फूट जाड झालं. ब्रूक्सने लिहून ठेवलंय की मॅनहॅटनच्या टाइम-लाइफ इमारतीतल्या ऑफिसात असलेल्या शंभर प्रती एकावर एक रचल्या असत्या, तर त्या इमारतीच्याही वर गेल्या असत्या. रोज बदललेली सुमारे दीडशे पानं येत. प्रत्येकाने जुनी पानं काढून नवी घालत बसायचं. शेवटी सगळं मायक्रोफिशवर, म्हणजे पानं बारीक करून उतरवलेल्या फिल्मवर नेलं. मॅन्युअलबाबत मात्र ब्रूक्सचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. मॅन्युअल म्हणजे वापरणाऱ्याला काय काय दिसेल याचा बाहेरून काढलेला आराखडा. तो आधी लिहायचा, मग त्याबरहुकूम यंत्र बांधायचं. बहुतेक कंपन्यांनी हे ऐकून घेतलं आणि उलटंच केलं. आजही रिलीजच्या आठवडाभर आधी, स्क्रीन अजून बदलत असताना, लेखकाच्या हाती काम येतं.

बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत मात्र ते उलटं झालं नाही. तिथे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या मंडळींना नवा पीडीपी-११ संगणक हवा होता. तो मिळवताना त्यांनी कबूल केलं की आम्ही मजकूर तयार करण्याची व्यवस्था बनवू. संस्थेच्या पेटंट विभागाला अर्ज टाईप करायला ती उपयोगी पडली. थोडक्यात, युनिक्स पोसली गेली ती कागदपत्रं छापून देण्याच्या बोलीवर. ३ नोव्हेंबर १९७१ रोजी केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं. प्रत्येक कमांडला स्वतंत्र नोंद आणि सगळ्या नोंदींचा साचा एकच : आधी नाव, मग ती कशी टाईप करायची त्याची एक ओळ, मग वर्णन, कोणत्या फाइल्स लागतात, आणखी कुठे पाहावं. आणि आणखी एक मथळा : 'बग्ज'. आमच्या या प्रोग्रामात काय चुकतं, ते आम्हीच छापून देतो. विक्रीखात्याच्या हाती असलेल्या मॅन्युअलमध्ये असा मथळा जन्मात येणार नाही. पण त्याचा फायदा ग्राहकापेक्षा लिहिणाऱ्याला जास्त झाला. या गटातला डग मॅकलरॉय मॅन्युअलच्या बाबतीत फार कडक होता. कमांड समजावून सांगताना चार अटी आणि तीन अपवाद लिहावे लागले, तर माणसाला लाज वाटते. मग तो अपवाद लिहीत बसण्याऐवजी प्रोग्रामच सुधारतो. युनिक्सच्या कमांड आटोपशीर राहिल्या यात या पानांचा वाटा आहे. लिनक्सवर काम करणारा आज 'मॅन' टाईप करून जे पान उघडतो, त्याचा सांगाडा तोच आहे.

मॅन्युअल लिहिता लिहिता यंत्रच बदलण्याचं याहून ठळक उदाहरण जेफ रॅस्किनचं. ॲपल-टू बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत झेरॉक्स केलेल्या पानांचा जुडगा मिळे. जानेवारी १९७८ मध्ये नीट छापलेलं, लाल मुखपृष्ठाचं संदर्भ-मॅन्युअल आलं. त्यात सर्किटचा नकाशा आणि यंत्राच्या आतल्या प्रोग्रामची अख्खी यादी होती. जाणत्याला पर्वणी, पण शाळेतल्या बाईंना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. रॅस्किनला बाहेरून ॲपलच्या बेसिक भाषेचं मॅन्युअल लिहायला बोलावलं होतं, नंतर तो कंपनीचा प्रकाशन विभाग सांभाळू लागला. लिहिताना त्याच्या लक्षात येत गेलं की अमुक मॉडेलला हे, तमुक कार्ड बसवलं असेल तर ते, असं करता करता सरळ वाक्य लिहिणंच अशक्य होतं. दोष वाक्यात नव्हता. म्हणून १९७९ मध्ये त्याने एक प्रकल्प मांडला : सगळ्यांना सारखाच मिळणारा, पेटीतून काढला की चालणारा स्वस्त संगणक. त्याला आवडत्या सफरचंदाच्या जातीचं नाव दिलं, मॅकिंतॉश. पुढे स्टीव्ह जॉब्सने प्रकल्प ताब्यात घेतला, रॅस्किन बाहेर पडला आणि १९८४ मध्ये जे यंत्र आलं ते त्याच्या कल्पनेपेक्षा बरंच वेगळं होतं. तरी त्याचं बीज एका मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या वैतागात होतं. त्या मॅकसोबत पातळ पुस्तिका आणि 'गाइडेड टूर'ची एक कॅसेटही यायची. ती टेपरेकॉर्डरवर लावायची आणि ऐकत ऐकत माऊस हलवायचा.

लोक मॅन्युअल वाचत नाहीत, ही तक्रार प्रत्येक कंपनीत ऐकू येते. का वाचत नाहीत, हे जवळ बसून पाहिलं आयबीएमच्या संशोधन केंद्रातल्या जॉन कॅरोलने, ऐंशीच्या दशकात. ऑफिसात टायपिंग करणारी माणसं बोलावली, समोर नवा वर्ड प्रोसेसर आणि त्याचं शिकवणीचं पुस्तक ठेवलं आणि सांगितलं, जे मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करा. माणसं पानं गाळत होती. प्रस्तावनेत नुसतं वर्णन केलेलं असे, ते सूचना समजून करून बघत होती. एखादी कळ चुकीची दाबली गेली की पडद्यावर जे येई त्याचा पुस्तकात पत्ताच नसे, कारण पुस्तक गृहीत धरून चाललं होतं की वाचक चुकणार नाही. आणि त्यांना वर्ड प्रोसेसर शिकायचा नव्हताच, पत्र टाईप करून घरी जायचं होतं. कॅरोलने मग उलट दिशेने सुरुवात केली. प्रस्तावना छाटली, आढावे आणि सारांश छाटले, पहिल्याच पानावर खरं काम दिलं, आणि अडकलात तर परत कसं यायचं ते जागोजाग लिहिलं. त्या छोट्या मॅन्युअलवर लोक लवकर शिकले. दुसऱ्या एका प्रयोगात त्याने नवख्यांना नको त्या वाटेवर नेणारे मेनूच बंद करून ठेवले. या विचाराला पुढे 'मिनिमलिझम' हे नाव पडलं. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी शोध हाच, आणि सर्वांत वाईट वापरला गेलेलाही. कंपन्यांनी त्यातलं 'पानं कमी करा' एवढंच उचललं, चुकलेल्या माणसासाठी लिहायचा भाग सोडून दिला.

पुढचा प्रवास झरझर झाला. ऐंशीच्या शेवटी गेमवाल्यांनी मॅन्युअलचं कुलूप केलं : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर निवडल्याशिवाय पुढे जाता येत नसे. नकली फ्लॉपीवर खेळणाऱ्यांनी ते पानच झेरॉक्स करून फिरवलं. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत मदतीचा मजकूर पडद्यावर आला. १९९१ मध्ये डॅन गुकिनचं 'डॉस फॉर डमीज' निघालं आणि लोक फुकट मिळालेलं मॅन्युअल बाजूला ठेवून पैसे मोजून दुसरं विकत घेतात, हे सिद्ध झालं. १९९३ मध्ये पीडीएफ आलं आणि छपाईचा खर्च वाचवायचा रस्ता मोकळा झाला. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप विचारलं नसताना मदतीला यायची. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तिला मुळातच बंद ठेवलं, तेव्हा कुणाला वाईट वाटल्याचं ऐकिवात नाही. २००७ चा आयफोन चिटुकल्या घडीपत्रिकेवर भागला.

आपल्याकडे मॅन्युअल खऱ्या अर्थाने घरात आलं ते टीव्ही, व्हीसीआर आणि वॉशिंग मशीनसोबत, आणि बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड यांच्यासह प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात गेलं. त्याचं काम 'डेमो'ला येणारा माणूस करायचा. अजूनही करतो. तो मशीन लावून देतो, 'वहिनी, हे बटण असं, एवढंच लक्षात ठेवा' म्हणतो आणि पुस्तिकेतल्या चाळीस पानांची दहा मिनिटांत वाट लावतो. वहिनींना नेमकं काय लागणार, हे त्याला कळतं. कॅरोलला ते कळायला प्रयोगशाळा लागली. डीटीपीच्या दुकानांत मॉनिटरशेजारी चिकटवलेला श्रीलिपीच्या कीबोर्डचा तक्ता हेही असंच आटलेलं मॅन्युअल होतं. कडा काळ्या पडलेला तो तक्ता नसेल, तर नवा ऑपरेटर 'ज्ञ' शोधत बसे. सॉफ्टवेअरबद्दलचं ओळीने लिहिलेलं मराठी बहुतेकांनी पहिल्यांदा वाचलं ते २००१ नंतर, एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीच्या पुस्तकात. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्या-तालुक्यांत ते पोचलं.

नव्वदच्या अखेरीपासून पुण्यात मॅन्युअल लिहिणं ही मोठी नोकरी झाली. फ्रेममेकर, रोबोहेल्प ही मॅन्युअल तयार करायची सॉफ्टवेअर येणाऱ्याला मागणी असे. कोथरूडला राहणारा मराठी लेखक हिंजवडीत बसून अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरचं इंग्रजी मॅन्युअल लिहितो, तिथून ते जर्मन आणि जपानीत जातं. मराठीत जात नाही. कुणी मागितलं नाही, हे कारण कंपन्या देतात. मागण्याची सोय कुठे आहे, ते मात्र त्या सांगत नाहीत.

युरोपात हा प्रश्न बाजारावर सोडलेला नाही. २००६ च्या यंत्रविषयक निर्देशानुसार, ज्या देशात यंत्र विकायचं त्या देशाच्या अधिकृत भाषेत सूचना द्याव्या लागतात. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ नेही बरंच काही दिलं आहे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिलेला नसेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. पुस्तिकेची पहिली पाच-सहा पानं 'ओल्या हाताने प्लग लावू नका' यातच जातात, त्यामागे अशा जबाबदारीची धास्ती असते. सूचना कोणत्या भाषेत असाव्यात, हे त्या कलमात लिहिलेलं नाही.