कुत्र्याच्या चित्रामागचे चौकोन

सोलापुरात सध्या पेन्सिलीनं काढलेल्या हुबेहूब चित्रांची हौस आहे. लग्नाच्या वाढदिवसाला नवरा-बायकोचं चित्र, साठीला वडिलांचं, आणि आता घरच्या कुत्र्या-मांजराचंही. एखादा शेतकरी खिलार बैलाचा फोटो पाठवतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, चित्रकार त्यावर चौकोन पाडतो, तेवढेच चौकोन मोठ्या कागदावर हलक्या हातानं आखतो आणि एकेक घर भरत जातो. हे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ. "फोटोवरनं उतरवलंय, त्यात काय एवढं!" मला हा आरोप उथळ वाटतो. चौकोन पाडून चित्र काढण्याची युक्ती कॅमेऱ्याच्या निदान चारशे वर्षं आधीची आहे, आणि तिचा धागा थेट कापडाशी जुळतो. सोलापूरकरानं तरी ते विसरू नये.

१४३५ साली लिओन बातिस्ता अल्बेर्ती या इटालियन पंडितानं चित्रकारांना एक साधन सुचवलं. चौकटीवर विरळ विणीचं झिरझिरीत कापड ताणायचं, त्यात ठरावीक अंतरावर जाड दोरे घालून चौकोन करायचे आणि त्या पडद्यातून समोरच्या माणसाकडे पाहायचं. नाक कुठल्या घरात संपतं, कान कुठल्या घरात सुरू होतो, हे आपोआप कळतं. म्हणजे ही जाळी कागदावर आखलेली नव्हती, विणलेली होती.

पुढे १८३९ साली फ्रान्समध्ये दोन गोष्टी घडल्या. दागेरची छायाचित्रणाची रीत जगजाहीर झाली, आणि त्याच वर्षी लिऑन शहरात जॅकार्ड मागाचा जनक जोसेफ मारी जॅकार्ड याचं चित्र त्याच्याच मागावर रेशमात विणलं गेलं. कुठली तार उचलायची हे मागाला सांगणारी, भोकं पाडलेली सुमारे २४,००० कार्डं त्यासाठी लागली. पाहणाऱ्यांना ते छापील चित्र वाटायचं.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. गिरण्या गेल्या, पण पूर्व भागातल्या मागांवर चादरी-टॉवेलांबरोबर वॉल हँगिंग विणली जातात आणि त्यात देवांचे, पुढाऱ्यांचे चेहरे उतरतात. त्यासाठी आधी चेहरा ग्राफवर मांडावा लागतो: या घरात ताणा (उभी तार) वर, त्या घरात बाणा (आडवी तार) वर. पेन्सिलवाल्याची चैन इतकीच, की तो एका घरात बोटानं करडी छटा घोळवू शकतो. विणकराला तशी सवलत नाही. तार वर, नाहीतर खाली. गालावरची सावली त्याला विणीच्या चालीतूनच काढावी लागते.

समोर बसवून माणूस रंगवण्याचं शिक्षण आपल्याकडे रुजलं ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. ही शाळा १८५७ ची. पेस्तनजी बोमनजी, त्रिंदाद, हळदणकर ही व्यक्तिचित्रणातली मोठी नावं तिथलीच. ते चित्रण मात्र श्रीमंतांपुरतं राहिलं. तासन् तास बसायला वेळ आणि द्यायला पैसा कुणाकडे? गावोगावच्या सामान्य घरात चित्र शिरलं ते फोटोच्या मागून, आणि बहुधा माणूस गेल्यावर. घरात आजोबांचा एकच फोटो, तोही वरातीतला. तिसऱ्या रांगेत, पागोट्याखाली चेहरा नखाएवढा. तो पेंटरकडे न्यायचा आणि हार घालता येईल एवढा मोठा करून आणायचा. एकुलत्या फोटोवर रेघा कशा मारणार? म्हणून चौकोन आखलेली काच वर ठेवायची. फोटोच्या जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे आजीचं कुंकू काळं आलेलं असायचं. रंग भरायचे तर लुगडं कुठल्या रंगाचं होतं हे घरच्यांना विचारावं लागे, आणि त्यावरून घरात भांडणंही होत.

हीच युक्ती भिंतीएवढी केली की सिनेमाचा बोर्ड. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत आधी बोर्डच रंगवत होते. पुढे फ्लेक्स आलं आणि बोर्ड रंगवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला.

जनावरांचं काय? त्यांची हुबेहूब चित्रं फार काळ राजेरजवाड्यांचीच मिरास होती. जहांगीर बादशहाकडे गोव्याहून टर्की पक्षी आला, पुढे झेब्राही आला, ते त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर या चित्रकारानं रंगवले. बैलाची शिंगं रंगवणारा आपला शेतकरी बैलाचं चित्र काढवून घेत नव्हता. समोर बसवायला बैल काही गप्प बसणार नाही, आणि फोटो काढायचा तर रोल महाग. मोबाईलनं ती अडचण संपवली.

मीही हा उद्योग करतो. माणसापेक्षा कुत्रं अवघड, त्यातही काळं. मोबाईलच्या फोटोत ते नुसता डाग दिसतं. घरं पाडली तरी निम्म्या घरांत काहीच नसतं. मग केसांचा ओघ आठवून भरायचा: नाकाडावर आखूड आणि मागे वळलेले, छातीवर लांब. मिशांसाठी रिफिल संपलेल्या बॉलपेननं कागदावर आधीच खोलगट रेघा दाबून ठेवायच्या. वरून पेन्सिल फिरवली की त्या पांढऱ्या राहतात. एका बाईंनी त्यांच्या टायगरचं चित्र पाहून मान हलवली. "सगळं बरोबर हाय, पण हा आमच्याकडं बघत नाही की ओ." डोळ्यातला पांढरा ठिपका मी बरोबर मधोमध सोडला होता. फोटोत तो वरच्या कडेला, खिडकीकडच्या बाजूला होता. रबराच्या टोकानं तो केसभर सरकवला, तेव्हा कुठे त्यांनी चित्र गुंडाळायला सांगितलं.

मागावर उमेदवारी केलेला माझा एक मित्र तेव्हा शेजारी बसला होता. त्यानं कडेला राहिलेल्या पुसट रेघा मोजल्या आणि विचारलं, "किती तारांचं आहे रे हे?"